दास नव्हे, गुलाम

मी ख्रिस्ती आहे, मराठी आहे आणि पोटासाठी भाषांतरं करते. एरवी या तीन गोष्टींचं एकमेकींशी बरं जमतं. गेल्या वर्षी लेंटच्या दिवसांत मात्र एका शब्दावरून त्यांचं जुंपलं. त्या भांडणात मला आपल्याच माणसांनी गप्प बसायला सांगितलं. मी गप्प बसणार नाही. का, ते इथे लिहिते आहे.

आमची मंडळी लहान आहे. महाराष्ट्राबाहेरचं रेल्वेचं गाव, नोकरीच्या निमित्ताने दोन-तीन पिढ्यांपूर्वी नगर-सोलापूरकडून आलेली चाळीसेक घरं. सकाळी त्या चर्चमध्ये इंग्रजी आणि तेलुगू उपासना होतात, आमची मराठी दुपारी चारला. बुधवारी संध्याकाळी बायबल अभ्यास. पाळकसाहेब मला म्हणाले, “ताई, तुम्ही भाषांतरवाल्या. फिलेमोनाचं पत्र सोप्या मराठीत करून आणा. जुनी भाषा आता पोरांना कळत नाही.” ग्रीक मी तौलनिक साहित्याचं एम.ए. करताना दोन वर्षं गिरवलं होतं. कोश हाताशी घेऊन वाचता येतं, एवढंच. पत्र फक्त पंचवीस वचनांचं. मी हो म्हटलं.

ज्यांनी हे पत्र वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पौल तुरुंगात आहे. त्याच्याकडे अनेसिम नावाचा माणूस येतो. हा फिलेमोन नावाच्या श्रीमंत ख्रिस्ती गृहस्थाचा गुलाम, बहुधा पळून आलेला. तुरुंगात पौलाचा त्याच्यावर जीव जडतो, तो ख्रिस्ती होतो. मग पौल त्याला मालकाकडे परत पाठवतो आणि सोबत हे पत्र देतो: याला आता भाऊ समजून घरात घे, याने तुझं काही नुकसान केलं असेल तर ते माझ्या खात्यावर मांड. पत्र आर्जवी आहे, हुशार आहे, आणि त्यात ‘याला मुक्त कर’ असं सरळ कुठेही म्हटलेलं नाही.

अनेसिमासाठी मूळ शब्द आहे ‘डूलॉस’. आमच्या घरातल्या जुन्या बायबलात तिथे ‘दास’ आहे. अलीकडच्या एका सोप्या भाषांतरात ‘गुलाम’ आला आहे, पण आमच्या वेदीवर अजून दासच आहे. मी ‘गुलाम’ लिहिलं. फार विचार करून लिहिलं असंही नाही. विकत घेतलेल्या, विकता येणाऱ्या, पळाला तर धरून आणता येणाऱ्या माणसाला मराठीत गुलामच म्हणतात. ‘दास’ म्हटलं की मराठी कानाला टाळ ऐकू येतात. दास होण्यात आपल्याकडे मान आहे. समर्थांनी तो शब्द नावातच घेतला. पौल स्वतःला काही पत्रांच्या सुरुवातीला ख्रिस्ताचा डूलॉस म्हणवतो, तिथे ‘दास’ शोभतो. पण या पत्राच्या सुरुवातीला तो तसं म्हणत नाही, इथे तो स्वतःला बंदिवान म्हणवतो. ज्या घरात खराखुरा गुलाम उभा आहे तिथे रूपक म्हणून तो शब्द वापरणं त्यालाही जड गेलं असावं. पौलाने जे जपलं ते आपण भाषांतरात घालवलं: दोन्हीकडे ‘दास’ लिहून विकत घेतलेल्या माणसाला भक्त करून टाकलं.

बुधवारी मी ते वाचलं. शेवटच्या बाकावर एक मावशी बसतात. पंचाहत्तरीच्या आहेत, तीस वर्षं रेल्वेच्या साहेबांच्या बंगल्यांवर धुणीभांडी केली. अभ्यासात त्या कधी बोलत नाहीत. त्या दिवशी बोलल्या.

“मंग त्याला माघारी कशापायी धाडला?”

पाळकसाहेब म्हणाले, “मावशी, पौलाने त्याला गुलाम म्हणून नाही, भाऊ म्हणून पाठवलं.”

“भाऊ म्हन्ला, पर काम तेच ना? आमच्या बाईबी मला घरचीच म्हनायच्या.”

कोणी हसलं नाही. पाळकसाहेबांनी प्रार्थना करून अभ्यास संपवला.

रविवारी उपासनेनंतर कमिटीने मला बोलावलं. आवाज कोणी चढवला नाही, चहाही झाला. म्हणणं तीन कलमी होतं. शब्द कठोर आहे, ‘दास’ करा. या शब्दामुळे पौलाबद्दल लोकांच्या मनात शंका येते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ही वेळ नाही. बाहेर काय चाललंय ते तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हटलं, बदलणार नाही. पुढच्या महिन्याच्या वाचकांच्या यादीत माझं नाव नव्हतं. एवढंच झालं. हुतात्मा व्हावं असं काही घडलं नाही. पाळकसाहेब सज्जन आहेत. माझे वडील गेले त्या रात्री दोन वाजता ते दवाखान्यात आले होते. माझं भांडण या माणसाशी नाही. एका सज्जन माणसालाही मावशींच्या प्रश्नाची भीती वाटावी अशी जी सवय आम्हा ख्रिस्ती लोकांना लागली आहे, तिच्याशी आहे.

तिसरं कलम शेवटी घेते, आधी पहिली दोन.

मावशींचा प्रश्न नवा नाही. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात १८३३ मध्ये चार्ल्स कोलकॉक जोन्स नावाच्या गोऱ्या पाद्र्याने गुलामांच्या सभेत याच पत्रावर उपदेश केला आणि पळून जाणं पाप आहे असं सांगितलं. निम्मी सभा उठून गेली. जे थांबले त्यांच्यातल्या काहींनी त्याला तोंडावर सांगितलं की असं पत्र बायबलात असूच शकत नाही. ही हकीकत त्याने स्वतःच नोंदवून ठेवली आहे. अक्षरओळख नाकारलेल्या त्या माणसांनी पवित्र शास्त्रावर केलेली ती टीका मला अनेक विद्वान भाष्यांपेक्षा नेमकी वाटते. ती माणसं विश्वास सोडून गेली नव्हती. आपला देव असं सांगणार नाही एवढा त्यांचा विश्वास पक्का होता, म्हणून ती उठली.

हे अमेरिकेतलं, आमचा काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे. नगर भागातल्या आम्हा लोकांकडे सुवार्ता आणली ती अमेरिकन बोर्डाच्या मिशनरींनी. हे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ मध्ये नगरला आले, १८४२ मध्ये त्यांनी ‘ज्ञानोदय’ सुरू केला. त्याच वर्षांत तिकडे त्यांचं बोर्ड गुलामगिरीच्या प्रश्नावर कचरत होतं. गुलामांच्या मालकांचा पैसा घ्यावा की नाही, अशा मालकांना मंडळीत ठेवावं की नाही, यावर ठाम भूमिका घेईना. त्याला कंटाळून गुलामगिरीविरोधी ख्रिस्ती लोकांनी १८४६ मध्ये वेगळी संस्था काढली. म्हणजे मावशींचा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता आणि ‘ही वेळ नाही’ हे उत्तर तेव्हाही दिलं गेलं होतं. नगरच्या मिशनरींनी आम्हाला शाळा दिल्या, दवाखाने दिले, माझ्या पणजीला अक्षर दिलं. हे ऋण मी मानते. पण त्या पेटाऱ्यात ते उत्तरही आलं होतं.

मराठीत ‘गुलाम’ हा शब्द जागेवर आणला तो चर्चबाहेरच्या माणसाने. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. त्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ छापली आणि ती अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मोकळं करणाऱ्या लोकांना. अमेरिकेतलं गुलामाचं दुःख आणि इथल्या शूद्रातिशूद्रांचं दुःख एका शब्दात बसवायचं धाडस त्यांनी केलं. भाषांतर म्हणून मला ते फार मोठं वाटतं. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांकडे तेव्हा मूळ ग्रीक जाणणारे लोक होते, छापखाना होता. शब्द मात्र आम्ही दासच ठेवला. आता दीडशे वर्षांनी एका बुधवारी तो बदलला तर कमिटी बसते.

तो शब्द आमच्या इतका जिव्हारी का लागतो, ते सांगायला मला घरात शिरावं लागेल.

माझ्या पणजोबांचं घर महारवाड्यात होतं. बाप्तिस्म्यानंतर वाड्याला ख्रिस्ती वस्ती म्हणू लागले. शेजारी मांगवाडा होता, तिथलेही बरेच जण ख्रिस्ती झाले. एकच पाळक, एकच प्याला, एकच भाकर. माझी आजी मोठ्या अभिमानाने सांगायची की प्रभुभोजनात आम्ही एकत्र जेवलो. तिला विचारलं की सोयरीक झाली का, तर ती शेवग्याच्या शेंगा सोलायला घ्यायची. मी तिशीत असताना माझ्या मामेबहिणीला एक स्थळ आलं. मुलगा शिकलेला, नोकरीचा, चर्चमध्ये पेटी वाजवणारा. बैठकीत सगळं गोड झालं. मग स्वयंपाकघरात मामी हळू आवाजात म्हणाली, “माणसं चांगली आहेत गं, पण ते पलीकडच्या वाड्यातले.” मी तिथे कोथिंबीर निवडत होते. तौलनिक साहित्यात एम.ए. झालेली, दलित आत्मकथनं भाषांतरासाठी वाचणारी मी. मी काही बोलले नाही. ते स्थळ गेलं. म्हणून या लेखात मी जे आरोप करते आहे त्यांत पहिली आरोपी मी आहे.

आमच्या व्यासपीठावरून सांगितलं जातं की ख्रिस्तात जात नाही. हेच वाक्य देशभर वेगवेगळ्या भाषांत सांगितलं जातं, आणि प्रत्येक भाषेत कोणीतरी त्याची झडती घेतलेली आहे. तमिळमध्ये बामा यांनी ‘करुक्कु’मध्ये १९९२ साली घेतली, मठात जोगीण म्हणून गेलेली आणि मठ सोडून आलेली ती बाई. केरळात पोयकयिल योहन्नान हे दलित उपदेशक एक चर्च सोडून दुसऱ्यात गेले, तिथेही जात भेटली तेव्हा त्यांनी आपली वेगळी वाट काढली. तिरुचिरापल्लीतल्या एका कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या आणि इतरांच्या थडग्यांमध्ये भिंत आहे. पुनरुत्थानाची वाट बघत पडलेल्या माणसांमध्येही भिंत. बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिताना चर्चला हाच प्रश्न केला होता: तुम्ही यांची जात काढण्यासाठी काय केलंत? आम्ही त्या लिखाणाला उत्तर दिलं नाही. बाबासाहेबांच्या जयंतीला हार घालतो.

आता खरी अडचण ऐका. संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५० चा तिसरा परिच्छेद सांगतो की ठरावीक धर्मांच्या बाहेरची व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही. सुरुवातीला त्यात हिंदू होते. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. मद्रासमध्ये रस्त्याच्या कडेला बसून चपला शिवणारा सूसाई नावाचा माणूस होता, आदि-द्रविड, ख्रिस्ती झालेला. सरकारने अनुसूचित जातीच्या चांभारांना फुकट टपऱ्या दिल्या, याला दिली नाही. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८५ मध्ये हरला. न्यायालय म्हणालं की धर्मांतरानंतरही जात उरते एवढं दाखवून भागणार नाही. नव्या धर्माच्या वातावरणातही तीच वंचना, तितकीच तीव्र, चालू आहे याचा पुरेसा पुरावा द्या.

हा निकाल मला अन्यायाचा वाटतो. उन्हात बसून चपला शिवणाऱ्याची हलाखी बाप्तिस्म्याच्या पाण्याने बदलत नाही, हे कळायला पुरावा कशाला हवा? पण त्या निकालातला प्रश्न बघा. चर्चच्या आत जात चालते का, ते सांगा. हा प्रश्न आमच्या पाळकांनी, बिशपांनी, कमिट्यांनी स्वतःला विचारायचा होता. तो विचारला न्यायाधीशांनी. आणि तेव्हापासून आम्ही दोन तोंडांनी बोलतो. दिल्लीत मोर्चा काढतो, आयोगांपुढे निवेदन देतो, तेव्हा सांगतो की आमच्यातल्या दलितांना चर्चमध्येही जात सोसावी लागते. रविवारी त्याच तोंडाने सांगतो की ख्रिस्तात जात नाही. २०१६ च्या डिसेंबरात भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितांविषयीचं धोरण जाहीर करून चर्चमधली अस्पृश्यता कबूल केली, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवते. पण ते धोरण गावच्या चर्चमध्ये कितीदा वाचलं गेलं? ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारने न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला, त्याच्यापुढे साक्षी द्यायची वेळ आली. साक्ष देणार कोण? जी मावशी बोलली आणि जिच्या बोलण्यावर आपण प्रार्थना ओतून विषय संपवला, ती?

खोटी साक्ष देऊ नये ही दहा आज्ञांमधली एक आज्ञा आहे. आमच्याकडे ती लहान मुलांना शब्बाथ शाळेत पाठ करायला लावतात. आयोगापुढे एक आणि उपासनेत दुसरं, यांतली एक साक्ष खोटी आहे. कुठली ते ठरवा आणि दुसरीच दोन्हीकडे द्या.

आता तिसरं कलम. ही वेळ नाही.

भीती खरी आहे, ती मी हसण्यावारी नेत नाही. २००८ मध्ये कंधमालमध्ये काय झालं ते आम्हाला आठवतं. एकामागून एक राज्यांत धर्मांतरविरोधी कायदे आले आहेत. वाढदिवसाच्या प्रार्थनेला शेजारी जमले तरी कोणी पोलिसांत जाईल का, असा हिशेब आमच्यातली माणसं करतात. अशा दिवसांत घरातलं उणं बाहेर काढणारी बाई कोणाला आवडेल? माझ्या या लेखातली दोन वाक्यं उचलून कोणी ‘बघा, ख्रिस्तीच सांगतात’ म्हणून मिरवील, हेही मला ठाऊक आहे.

तरी लिहिते, कारण हा हिशेब मला उलटा वाटतो. चर्चमधल्या जातीबद्दल चर्चने बोलायचं नाही असं ठरलं, तर त्याबद्दल फक्त चर्चचा द्वेष करणारे बोलतील. त्यांचं बोलणं खोटं ठरवायला आपल्याकडे काही उरणार नाही, कारण निम्मं ते खरंच असेल. ज्या मुलीचं स्थळ ‘पलीकडच्या वाड्या’वरून मोडलं, तिला पहिल्यांदा खरं बोलणारा माणूस जर आपल्या शत्रूंच्या सभेत भेटला, तर त्यात शत्रूची हुशारी किती आणि आपली चूक किती? शिवाय ही वेळ कधी येणार? १८४६ मध्ये नव्हती. १९५० मध्ये देश नवा होता. १९८५ मध्ये खटला चालू होता. मावशी पंचाहत्तर वर्षांच्या आहेत.

या नियतकालिकाच्या वाचकांशीही माझं थोडं भांडण आहे. तुम्ही अनेक भाषांतलं साहित्य वाचणारी माणसं. तुकोबा विठ्ठलाशी भांडतात, जनाबाई त्याला खडसावते, हे तुम्हाला आवडतं. भक्तीतला तो मोकळेपणा तुम्ही कौतुकाने शिकवता. मराठी ख्रिस्ती लेखनाकडून मात्र तुम्ही प्रश्नाची अपेक्षाच ठेवलेली नाही. नारायण वामन टिळक तुमच्या लेखी फुलामुलांचे कवी. हेच टिळक १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून बाहेर पडले, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही ज्यात असतील असा ‘देवाचा दरबार’ काढायला. एका मिशनच्या उपदेशकाने आयुष्याच्या शेवटी हे करावं यात केवढा प्रश्न आहे! तो पाठ्यपुस्तकात येत नाही. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ आपण विनोदासाठी वाचतो. नवऱ्याने १८९५ मध्ये धर्म बदलला म्हणून ही बाई त्याच्यामागून गेली नाही. काही वर्षं वेगळी राहिली, सोवळ्याओवळ्याचा विचार आपल्या डोक्याने केला, आधी जात सोडली आणि मगच धर्म बदलला. हा क्रम नीट बघा. आम्ही बहुतेकांनी उलटा केला: धर्म आधी बदलला आणि जात सवडीने सोडू म्हणून ठेवून दिली.

आणि पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर लगेच त्यांचं आपल्या गुरुभगिनींशी वाजायला लागलं. त्रैक्यावर प्रश्न, येशूच्या कुमारीजन्मावर प्रश्न, गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत यावर प्रश्न. सिस्टर जेराल्डिनना हा गर्व वाटला. रमाबाईंचं म्हणणं साधारण असं होतं की एका पुरोहितशाहीतून महत्प्रयासाने सुटलेल्या बाईने लगेच दुसरीच्या हाती सदसद्विवेक द्यायचा नसतो. पुण्यात तेव्हा त्यांना धर्मद्रोही म्हणत होते आणि इंग्लंडात हट्टी. पुढे याच बाईने केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल बाईमाणसाला कळेल अशा मराठीत उतरवलं. ते १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, बाहेर आलं. प्रश्न विचारल्याने विश्वास जातो असं म्हणणाऱ्यांनी एवढं सांगावं: आमच्यातल्या किती विनाशंक लोकांनी विश्वासासाठी एवढं काम केलं?

इथवर मी माणसांना प्रश्न विचारले, ते सोपं आहे. मावशींचा प्रश्न माणसांपाशी थांबत नाही. तो पौलाकडे जातो आणि पौलाकडून वर जातो. हे पत्र जर देवाचं वचन असेल, तर त्यात ‘याला सोड’ एवढे दोन शब्द का नाहीत?

याचं ठरलेलं उत्तर मला येतं. पौलाने बी पेरलं. भाऊ म्हटल्यावर गुलामी आतून पोखरली जाणारच होती. त्या काळात उघड बोलला असता तर चिरडला गेला असता. हे उत्तर मूर्खपणाचं नाही. पण बी पेरल्यापासून रोप वर यायला अठराशे वर्षं लागली, आणि त्या मधल्या काळात याच पत्राचा आधार घेऊन पळालेली माणसं धरून परत नेली गेली. शेतकरी एवढा वेळ थांबत नाही, बियाणंच तपासतो. मला हे उत्तर पुरत नाही. दुसरं उत्तर माझ्याकडे नाही. ‘सगळं देवाच्या योजनेत आहे’ हे मी मावशींना सांगणार नाही, कारण कोणाच्या बंगल्यावर कोणी भांडी घासायची ही योजना त्यांना आधीही एका धर्माने समजावून सांगितली होती.

मग राहतेस कशाला, असं माझे निधर्मी मित्र विचारतात. त्यांना वाटतं, प्रश्न पडला की दार उघडून बाहेर पडायचं असतं. मला हा प्रश्न ज्या घरात शिकवला गेला ते घर हेच आहे. सदोमासाठी देवाशी घासाघीस करणारा अब्राहाम मी शब्बाथ शाळेत ऐकला. रात्रभर झुंजून लंगडत निघालेला याकोब तिथेच ऐकला. ईयोबाच्या पुस्तकात देवाची बाजू घेऊन गुळगुळीत बोलणाऱ्या मित्रांवर शेवटी देवच रागावतो, आणि ओरडणाऱ्या ईयोबाने खरं बोललं असं म्हणतो. क्रुसावर येशू देवाला विचारतो तो प्रश्नच आहे, आणि त्याला त्या क्षणी उत्तर आलेलं नाही. या पुस्तकाने ज्या लोकांना गुलामीतून बाहेर काढणारा देव दाखवला, त्यांनी त्याच पुस्तकातल्या एका पत्रासमोर उभं राहून ‘हे कसं?’ म्हणावं, यात पुस्तकाचा अपमान नाही. न विचारणं म्हणजे त्या पहिल्या देवाला खोटं पाडणं.

म्हणून कमिटीला माझं उत्तर असं आहे, आणि ते मी लेखीही दिलेलं आहे. ‘गुलाम’ राहील. ज्यांना ‘दास’ हवा त्यांनी दास वाचावा, माझं भाषांतर वाचू नये. पण माझ्या नावाखाली तो शब्द बदलू नये. आपल्या मंडळीत किती सोयरिकी वाडा ओलांडून झाल्या, कमिटीवर कुठल्या वाड्यातलं कोण आजवर बसलं, याची नोंद आपणच काढावी. चाळीस घरांना फार वेळ लागणार नाही. आलेला आकडा वार्षिक सभेत वाचावा. मामीचं वाक्य त्या सभेत मी स्वतः सांगेन, माझ्या गप्प बसण्यासकट. आणि बुधवारचा अभ्यास जिथे थांबला तिथून पुन्हा सुरू करावा: मावशींना त्यांचा प्रश्न परत विचारू द्यावा, आणि पाळकसाहेबांना उत्तर येत नसेल तर त्यांनी ‘मला येत नाही’ असं म्हणावं. त्यानंतर प्रार्थना केली तरी चालेल.

कमिटीकडून अजून काही आलेलं नाही. मी रविवारी चारला जाते. मावशींनी एकदा बाहेर चपला घालताना विचारलं, “त्या कागदाचं काय झालं गं पोरी?” मी त्यांना एक प्रत दिली. त्यांना वाचता येत नाही. नात वाचून दाखवते म्हणाल्या.